बेतखालीच्या वळणावरचा गमछा

धुकं उतरलं की सुंदरबनातल्या गोसाबाच्या घाटावर पलीकडची नाव येत नाही. येत नाही म्हणजे येते, पण कधी ते नावाड्यालाही सांगता येत नाही. त्या रात्री नाव अशीच अडकली होती आणि घाटावरच्या चहाच्या टपरीत तिघंच उरले होते. एक निरापद मृधा. उभा जन्म लाँचचं सुकाणू धरलेला म्हातारा, डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून घरी बसलेला. आणि पर्यटकांना फिरवणारी दोन तरुण पोरं, तुहिन आणि बापन.

पोरांचं बोलणं नव्या हंगामावर चाललं होतं.

"त्याच त्या जागा दाखवून कंटाळा आला," तुहिन म्हणाला. "सजनेखालीचा मनोरा, दोबांकीची जाळीतली वाट. लोक म्हणतात, हे सगळं आम्ही मोबाईलवर बघितलंय, दुसरं काय आहे तुमच्याकडे?"

"दुसरा आहे चिखल," बापन म्हणाला. "दाखव की. भरपूर आहे."

"अरे, चिखलच दाखवायचा, पण कहाणी जोडून! जागा कुठली का असेना. आवाज खाली आणायचा, म्हणायचं, 'इथून माणूस नेला…' मग बघ, सगळे एका अंगाला धावतात. लाँच कलते."

निरापदनं चहाचं मातीचं भांडं खाली ठेवलं.

"बिमान कयालच्या शाळेतली पोरं दिसता तुम्ही."

"कयालबाबू मोठा माणूस आहे, काका. नुसतं नाव घेतलं तरी गिऱ्हाईक येतं."

"येतं ना. घाणीवर माशा काय कमी येतात?" म्हातारा म्हणाला आणि पोरं हसली. तो हसला नाही. "श्रीदाम बैद्य माझ्या हाताखाली सुकाणू शिकला. पुढे कयालच्या लाँचवर सारंग झाला. त्याच्याबाबतीत घडलेलं सांगतो. त्यानं मला स्वतः सांगितलं, जंगलाच्या देवीच्या, बनबीबीच्या ठाण्यासमोर बसून. तिथं बसून आपल्याकडे कुणी खोटं बोलत नाही."

पोरं जवळ सरकली. म्हातारा सांगू लागला.

*

पौष लागला होता, पर्यटकांची रीघ सुरू झाली होती. एका दुपारी कयालनं श्रीदामला हाक मारली आणि एक साधं काम सांगितलं.

"डिंगी घे आणि बेतखालीत जा. वळणावर तुझ्या भाऊजीचा गमछा बांधलेला आहे ना, तो सोडून आण."

श्रीदामला वाटलं, थट्टा करतोय.

बेतखाली म्हणजे चिंचोळी खाडी. तिच्यात लाँच शिरत नाही. तीन पावसाळ्यांपूर्वी श्रीदामच्या थोरल्या बहिणीचा, कुमुदिनीचा नवरा गोकुळ तिथं खेकडे धरायला गेला होता. मामानं, जंगलात ज्याचं नाव घेत नाहीत त्या पट्टेवाल्यानं, त्याला डिंगीतूनच उचलला. सोबत्यांनी काठ्या आपटल्या, डबे बडवले, पण हाती काही लागलं नाही. घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. आणि जिथून तो गेला त्या वळणावरच्या तिवराला सोबत्यांनी त्याचाच गमछा बांधला, आपल्याकडे बांधतात तसा. मागून येणाऱ्यानं बघावं, हात जोडावेत आणि तिथूनच मागं फिरावं.

"तो सोडायचा नसतो, बाबू," श्रीदाम म्हणाला.

"मी कुठं म्हणतो टाकून दे? जागा बदलायची. मोठ्या नदीच्या काठाला, जिथून लाँच जाते तिथं बांधायचा. आत कोण बघतंय त्याला? खेकडे?"

"बाबू, ती जागा आहे माणसाची."

"अरे, देवळातला देवसुद्धा लोकांच्या सोयीसाठी पालखीत घालून बाहेर काढतात. समज, हा तसा बाहेर काढला." कयाल आपल्याच बोलण्यावर खूश होऊन हसला. पानाचा लाल थेंब हनुवटीवर आला, तो त्यानं मनगटानं पुसला. "आणि तुला जमत नसेल तर सांग. सुकाणू धरायला पोरं रांगेत उभी आहेत. तू जा गोकुळसारखा खेकडे धरायला."

एवढ्यावरच बोलणं संपलं. बांध फुटून खारं पाणी शिरल्यापासून श्रीदामच्या शेतात गवतही उगवत नव्हतं. सुकाणू सुटलं की जंगलच उरतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि त्याच्या बायकोलाही. ती रोज लाँचच्या भोंग्याचा आवाज ऐकला की मगच चूल पेटवायची.

तो गेला. भर दुपारी, भरतीच्या पाण्यावर. बेतखालीची सगळी वळणं एकसारखी. दोन्ही अंगांनी काटेरी हेंतालाची गच्च झुडपं, खाली चिखलातून वर आलेली खिळ्यांसारखी मुळं. कुठलं वळण कुठलं ते फक्त त्या गमछ्यावरून कळायचं. त्यानं गमछा दुरूनच ओळखला. तांबड्या चौकड्यांचा होता, आता राखाडी झाला होता. गाठीत गोगलगाई बसल्या होत्या. सोडायला गेला तर कापड हातातच फाटलं, शिजलेल्या मांसासारखं. बोटांना बुळबुळीत काहीतरी लागलं, ते त्यानं पाण्यात धुतलं. गेलं नाही. पुन्हा धुतलं.

लाँचवर कयालनं त्या चिंध्या दोन बोटांत धरून बघितल्या.

"शी! ह्याला काय बघणार लोक? पोतेरं वाटतंय." आणि श्रीदाम काही म्हणायच्या आत त्यानं ते नदीत भिरकावलं. ओहोटी लागली होती. कापड थोडा वेळ तरंगलं, मग गेलं.

नंतर त्यानं बाजारातून आणलेला कोरा गमछा काढला. तसाच तांबडा, चौकड्यांचा. स्वयंपाक्यानं रात्रीच्या जेवणासाठी कोंबड्या कापल्या होत्या. कयालनं गमछा सरळ त्या परातीत बुडवला. उलटा केला, पुन्हा बुडवला. पिसं चिकटली ती उपटली.

"आता कसा दिसतो? ताजा दिसतो की नाही?"

स्वयंपाकीसुद्धा तोंड फिरवून उभा राहिला. पण गमछा बांधला श्रीदामनंच. मोठ्या नदीच्या काठी, कयालनं बोट दाखवलं त्या झाडाला. माशा त्याच्या हाताबरोबर आल्या आणि गमछ्याबरोबर तिथंच राहिल्या.

*

"त्यानं बांधला?" बापननं मध्येच विचारलं. "स्वतःच्या भाऊजीच्या नावानं कोंबडीचं रक्त?"

"पोटापायी माणूस काय काय बांधतो," निरापद म्हणाला. "ऐक."

*

त्यानंतर रोज लाँच तिथं थांबायची. नेमकी जेवणाच्या वेळेला. कयाल भोंग्यावरून सांगायचा, गोकुळ कसा ओरडला, हाड कसं वाजलं. गोकुळ ओरडलाच नव्हता, त्याच्या सोबत्यांनी सांगितलं होतं. पण कयाल रोज त्याला ओरडायला लावायचा, आणि रोज थोडं जास्त. लोक हातात ताटं घेऊन कठड्याशी यायचे. खेकड्याचा रस्सा ओरपत ऐकायचे. एक बाई म्हणाली, "रक्त अजून दिसतंय, बघा ना!" आणि बोट चाटून तिनं फोटो काढला. तिच्या नवऱ्यानं चघळलेलं हाड झाडाच्या दिशेनं फेकलं. "वाघोबा, घे!" सगळे हसले. वाघ हा शब्द जंगलात कुणी उच्चारला की श्रीदामचा हात सुकाणूवर घट्ट व्हायचा. आता त्याला त्या शब्दाचंसुद्धा काही वाटेनासं झालं होतं. त्या जागी पाण्यावर थर्माकोलच्या पत्रावळी, हाडं आणि तेलाचा तवंग जमायचा. भरती आली की ते सगळं वर चढून गमछ्याखालच्या मुळांत अडकून बसायचं आणि कुजायचं. नाकाला रुमाल लावून लोक म्हणायचे, हाच तो वास, मेलेल्या माणसाचा.

श्रीदामचं जेवण तुटलं. भाताचा घास घशापर्यंत जायचा आणि तिथंच थांबायचा.

मग तीस डिसेंबर आला. सोमवार होता, अमावास्या होती. वर्ष संपायला एक दिवस राहिलेला.

संध्याकाळी कयालनं लाँच कुमुदिनीच्या बांधाशी लावायला सांगितली. "नवी जागा," तो हळूच म्हणाला. "गमछा बघितला, आता विधवा बघा."

कुमुदिनी अंगणात जाळं दुरुस्त करत बसली होती. गावातल्या बायका तिला नवराखाई म्हणायच्या, तिला त्याची सवय होती. पण एवढे डोळे एकदम अंगणात कधी उतरले नव्हते. कुणी तिला उभं राहायला सांगितलं, कुणी पदर डोक्यावर घ्यायला सांगितला. एकानं बिस्किटांचा पुडा तिच्या पायाशी टाकला, देवापुढं टाकावा तसा नाही, कुत्र्यापुढं टाकावा तसा.

ती उठून श्रीदामपाशी आली.

"तुझ्या बाबूला सांग, आवराआवर कर. मला लवकर निजायचंय. पहाटे बेतखालीला जायचंय."

श्रीदाम म्हणाला, "उद्या? एवढ्या धुक्यात?"

"अमावास्येला जाते ना मी, दर वेळी. खेकडे तर धरतेच, पण तुझ्या भाऊजींना बघून येते. गमछ्यापर्यंत जाते, हात जोडते, फिरते. त्याच्या पुढे वीतभरसुद्धा नाही."

"दीदी, धुक्यात दिसायचा नाही तो."

"दिसेपर्यंत जाईन की." तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. "काय रे? तोंड का असं? गमछा आहे ना जागेवर?"

मागं कयाल उभा होता. पानाचा वास येत होता.

"आहे," श्रीदाम म्हणाला. "असणार नाही तर जाईल कुठं?"

*

निरापद थांबला. घाटाखाली पाणी पायऱ्यांना चाटत होतं. तुहिननं विडी पेटवायला काडी ओढली आणि तशीच विझू दिली.

"मूर्ख आहे," तो म्हणाला. "तिथंच सांगायचं ना!"

"सांगायचं. पण एकदा 'आहे' म्हटलं की 'नाही' म्हणायला दुसरं तोंड लागतं. ते त्याच्याकडे नव्हतं त्या वेळी."

*

रात्री लाँच मोठ्या नदीच्या मधोमध नांगरली होती. पर्यटक वरच्या डेकवर गाणी म्हणून दमले आणि झोपले. खलाशी झोपले. कयालच्या खोलीतून घोरणं ऐकू येत होतं. श्रीदाम सुकाणूपाशी घोंगडी पांघरून पडला होता. झोप नव्हतीच. तो मनाशी ठरवत होता, भरती लागली की डिंगी सोडायची, बहिणीच्या आधी वळण गाठायचं. मग मनातच म्हणायचा, आणि एकटा त्या वळणावर उतरू? मामाच्या तोंडात? बायको आठवायची. मुलं आठवायची. मग म्हणायचा, दीदी शहाणी आहे, धुकं बघून मागं फिरेल. पुन्हा म्हणायचा, नाही फिरायची. दिसेपर्यंत जाईन, म्हणाली.

असं करता करता साडेचार झाले. ओहोटी संपली.

तुम्हाला ठाऊक आहे ती घटका. ओहोटी संपलेली, भरती लागलेली नाही. पाणी थांबतं. नदी श्वास धरून बसल्यासारखी.

त्या शांततेत त्याला आवाज आला.

थप.

खालच्या डेकवरून.

थप… थप…

कुणीतरी कपडे धूत होतं.

त्याला वाटलं, स्वयंपाक्याला जुलाब लागले असतील. कुणी पर्यटक दारू ओकला असेल. तो टॉर्च घेऊन जिन्यानं खाली उतरला. टॉर्च पेटवला. धुक्यानं उजेड परतवून त्याच्याच तोंडावर टाकला. त्यानं टॉर्च विझवला.

शिडीच्या तोंडाशी एक माणूस उकिडवा बसला होता. पाठमोरा. उघडा. पाण्यात कापड बुडवायचा, फळीवर आपटायचा.

थप.

मग एक दुसरा आवाज. घशातून. पोटातलं सगळं वर यावं तसा. माणूस ओकायला बघत होता. ओकारी येत नव्हती.

पुन्हा बुडवायचा. पुन्हा आपटायचा.

वास आला. कुजलेला नाही. परातीतला वास. कोमट, खारट, पिसांचा.

श्रीदामला त्या माणसाची मान दिसली. मागून. जिथं मान असते तिथं…

त्यानं नजर खाली केली.

"श्रीदाम," माणूस म्हणाला. वळला नाही. "जात नाही रे."

अशा हाकेला ओ द्यायची नसते.

थप… थप…

"किती धुतलं. जात नाही." आवाज रडका नव्हता. रागाचाही नव्हता. ताटात केस सापडल्यावर माणूस बोलतो तसा होता. "कुणाचं आहे हे?"

…

"माझं नाही. कुणाचं आहे?"

शेवटी श्रीदाम बोलला.

"कोंबडीचं."

माणूस थांबला. हात पाण्यात तसेच राहिले. मग त्याचे खांदे हलले, आणि तो आवाज पुन्हा आला. घशातून. ओला. दोनदा. तीनदा. काही पडलं नाही.

"माझ्या नावानं…" तो म्हणाला.

…

"आणि लोक जेवतात. तिथं."

श्रीदाम गुडघ्यांवर बसला. "भाऊजी, चुकलो."

"ती निघाली," माणूस म्हणाला.

लांब, खूप लांब, वल्ह्याचा आवाज. का भास. धुक्यात कळत नाही.

"शोधत येईल. वळणामागून वळण. गमछा दिसेपर्यंत." थोडा वेळ नुसतं पाणी. "मामा अजून तिथंच आहे, श्रीदाम. त्याला माणसांची सवय झाली आहे."

थप.

पाणी हललं. लाँच नांगरावर किंचित फिरली. भरती लागली होती.

श्रीदामनं वर बघितलं. फळीवर कुणी नव्हतं.

*

तो कसा निघाला ते त्याला आठवत नाही. डिंगीची दोरी सोडली एवढं आठवतं. मोठ्या नदीकाठच्या गमछ्याकडं त्यानं बघितलंही नाही. त्याला हात लावायची किळस आली. स्वतःच्या खांद्यावर गमछा होता, निळा, घामाचा. तोच गळ्याशी गच्च धरला आणि वल्हवायला लागला.

बेतखालीत पहिलं पाणी शिरत होतं. ते पाणी नव्हे, चिखलाचा फेस. दोन्ही काठ उघडे पडलेले. ओल्या मांसासारखे चकाकणारे, खेकड्यांच्या बिळांनी भोकं भोकं पडलेले. बिळांतून बुडबुडे यायचे. पट्… पट्… वास असा, की तोंड मिटलं तरी चव लागायची.

एक वळण. दुसरं. कुठलं वळण? सगळी सारखी. गमछा असता तर कळलं असतं. गमछा त्यानंच सोडला होता.

तो थांबला. कान दिला.

मागून वल्ही. आता भास नव्हता. आणि बायकांचं बोलणं.

"अगं कुमुददी, किती आत? मला तर काही दिसत नाही."

"येईल आता. येईल."

तेवढ्यात त्याला उग्र दर्प आला. उन्हात ठेवलेल्या ओल्या कातड्याचा. सुंदरबनात जन्मलेल्या माणसाला तो ओळखायला शिकावं लागत नाही. आणि त्याच क्षणी त्याला कळलं… हेच वळण. हीच जागा. दुसरी कुठलीच नाही.

उतरावं लागणार होतं.

तो उतरला. चिखल मांडीपर्यंत आला. मुळं तळव्यात घुसली. वाकून तिवराची फांदी धरली. खालीच होती. जुन्या गाठीची खाच बोटांना लागली. हेंताल हललं नाही. हलायला हवं होतं. वारा होता. बाकी सगळं हलत होतं, तेवढंच हलत नव्हतं.

त्यानं गमछा फांदीवर टाकला. एक वेढा. दुसरा.

मागं कुणीतरी श्वास घेतला. मोठा. सावकाश.

गाठ बसेना. बोटं बुळबुळीत.

दुसरा श्वास. जवळ.

गाठ मारली.

तो वळला नाही. मुळांआड अडकलेल्या डिंगीच्या काठावर पोट टाकलं आणि तसाच पडून राहिला. तोंडात चिखल. थुंकला नाही. हलला नाही.

धुक्यातून बहिणीच्या होडीचं टोक आलं. थांबलं.

"आला," कुमुदिनी म्हणाली. "बघ, म्हटलं नव्हतं?"

"पण हा निळा आहे, कुमुददी."

मग कुमुदिनी म्हणाली, "ओलं कापड धुक्यात कसंही दिसतं. फिरव."

तिनं हात जोडले असावेत, वल्हं तेवढा वेळ थांबलं होतं. मग होडी फिरली. वल्ह्यांचा आवाज दूर गेला. अजून दूर.

श्रीदाम पडून होता. पाठीमागं हेंताल एकदाच हललं. आतल्या बाजूला. जडसा पाय चिखलातून निघाल्याचा आवाज आला.

च्‌लप.

मग काही नाही.

*

तो लाँचवर परतला तेव्हा उजाडलं होतं. पर्यटक चहा पीत होते. खालच्या डेकवर कयाल खलाशांवर खेकसत होता.

"कुणी घासली ही? मला विचारल्याशिवाय लाँचला तासणी लावली कुणी?"

शिडीच्या तोंडाशी फळी होती. बारा वर्षांचं तेल, माशांचे खवले, कोंबड्यांचं रक्त आणि पानाच्या पिंका मुरून ती काळी पडलेली. तिच्या मधोमध एक जागा पांढरी झाली होती. रंग खरवडल्यासारखी पांढरी नव्हे. समुद्रात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या लाकडासारखी, हाडासारखी. माणूस उकिडवा बसेल एवढी.

ओली होती.

श्रीदामनं त्याच दिवशी सुकाणू सोडलं. आधी बहिणीच्या घरी गेला, तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि बादलीभर पाणी आणून त्याच्या हातांवर ओतलं. आता तो तिच्याच होडीत खेकडे धरतो. बायको बांधावर उभी राहून वाट बघते. त्याला तिथंही भीती वाटते, म्हणतो, पण जेवण जातं.

*

"आणि फळी?" तुहिननं विचारलं. त्याचा आवाज खाली आला होता.

"कयालनं तिच्यावर डांबर लावलं. सकाळी पांढरी. हिरवा रंग दिला. सकाळी पांढरी. फळी उपटून नवी बसवली…" निरापदनं घाटाकडं बघितलं. धुक्यात काहीच दिसत नव्हतं. "नवी पण."

निरापद पोरांकडं वळला.

"मग त्यानं काय केलं असेल? सांगा. तुम्ही शिकलेले आहात त्याच्याकडे."

बापननं मान खाली घातली.

"भोवती दोरी बांधली त्यानं. कहाणी जोडली. आता लोकांना एकेक करून त्या फळीवर उभं करतो, फोटो काढायला. हसतात, उभे राहतात." म्हातारा थांबला. "मग जेवणाची घंटा होते. ताटं पुढं येतात. तो जो फळीवर उभा राहिला होता ना… तो ताटाकडं बघतो… आणि हळूच तोंड फिरवतो. लहान पोर असो, म्हातारा असो. त्या दिवशी त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. विचारलं तर सांगता येत नाही. एवढंच म्हणतो, हाताला काहीतरी लागलंय. आणि उठून नळाशी जातो. धुतो.

धुतच राहतो…"